दातखीळ

केरमान शहरात, दंतवैद्याच्या मागच्या खोलीत
माहरुख परक्यांचे जबडे ओतते.
प्लास्टर, मेण, एक बोथट चाकू.
रात्री दात कोण खातं, ते तिला साच्यावरून कळतं:
सुळे झिजून सपाट, दाढांवर काचेसारखी चकाकी.
माणूस समोर नसतो. त्याची रात्र असते.

घरी इरज दात खातो.
अकरा वर्षं, भिंतीकडे तोंड करून,
जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज.
ती जागी असते आणि मोजत राहते:
न विचारता भावाला दिलेले पैसे,
नौरोझच्या पंगतीत तिच्या भाताला हसलेली नणंद
आणि नणंदेबरोबर हसलेला तो.
दुपारचं भांडण रात्री हात होऊन येतं, खांद्यावर.
त्याच्या लेखी तो समेट.
तिच्या वहीत पान उघडंच.

आणि अंग मिटतं.
ती मिटत नाही, अंग मिटतं, तिला न विचारता,
दातखीळ बसावी तसं, खाली, जिथे दात नाहीत.
लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पिस्ते सोलताना
आई म्हणाली होती, डोळे मिट, होऊन जातं.
पुढे आईने टरफलं गोळा केली.

आरोग्यकेंद्रात तवक्कोलीबाईंनी छापील कागद दिला.
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुधा, नेहमी.
प्रश्न एकोणिसावा: गेल्या चार आठवड्यांत इच्छा?
कसली? झोपेची? एकटीने चहा पिण्याची?
तिने पेन्सिलीने 'क्वचित'वर खूण केली, पुसता येईल अशी.
गुरुवारी घरात कोणी नसताना, न्हाणीच्या वाफेत,
अंग आपणहून सैल होतं,
तेव्हा समजतं, विझलेलं काहीच नाही.
त्याला कागदावर रकाना नव्हता.

मग एका रात्री इरजचा जबडा इतका ठणकला
की घास चावेना.
तिने कामावरून ट्रे आणला, गुलाबी पावडर कालवली,
पुदिन्याचा वास स्वयंपाकघरभर.
"आ कर. नाकाने श्वास घे.
तीन मिनिटं बोलायचं नाही, हलायचं नाही."
वरचा जबडा भरला,
आणि घड्याळाकडे बघत तिने बोलायला सुरुवात केली.

"दुखतं मला. पहिल्या रात्रीपासून.
तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही,
दोघांनीही त्याला लाज म्हटलं.
तू नको असतोस असं नाही, इरज.
भांडण अर्धवट टाकून आलेला तू नको असतोस."
त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली, डोळ्यांत पाणी आलं;
ते पाणी कशाचं, सांगता येत नाही,
ट्रेने बहुतेकांच्या येतं.
चाळीस सेकंद उरले होते.
तिच्याजवळ सांगण्यासारखं संपलं होतं,
किंवा आता कुठे सुरू होत होतं.
दोघं फ्रिजची घरघर ऐकत बसले.

ट्रे निघाला, चप्.
त्याने तोंड पुसलं. "पहिल्या रात्रीपासून?"
"हो."
"मग अकरा वर्षं तू..." वाक्य तिथेच पडलं.
चूळ भरताना, पाठमोरा, म्हणाला,
"मला वाटायचं, मी तुला आवडत नाही."
आणि उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.
दार आपटलं नाही. ओढून घेतलं.

तिने रात्रीच प्लास्टर ओतलं.
सकाळी टेबलावर त्याचा जबडा, पांढरा, उघडा.
शेकडो पाहिलेत तिने, तरी बोट थबकलं:
दाढा तिच्या अंदाजापेक्षा खूप झिजलेल्या.
एवढं काय दळत होतास रे?
तिला वाटायचं, जागी ती एकटीच.

तो आला, न दाढी केलेला,
समोर बसला, साचा पाहिला, हात लावला नाही.
"त्या पैशांचं सांगू?"
चहा उकळत होता. तिने गॅस बारीक केला.
"सांग," ती म्हणाली,
आणि जबडा दोघांच्या मधे तसाच राहू दिला.